दादाची गिटार आणि उस्तादांचं नाक

लाकडावरचं पॉलिश ओळखणारा आमच्या उस्तादांसारखा माणूस निजामाच्या राज्यात झाला नाही आणि महाराष्ट्रात होणार नाही, असं नळदुर्गात सगळे म्हणत. आणि सगळ्यांच्या आधी उस्ताद स्वतः म्हणत. ते माझ्या वडिलांचे बालमित्र. जुन्या उर्दू शाळेत दोघं एका बाकावर बसले, एकाच मास्तरांच्या हातचा मार त्यांनी खाल्ला. पुढं वडील सडकेच्या खात्यात ओव्हरसियर झाले आणि उस्ताद हैदराबादला एका फर्निचरच्या कारखान्यात आठ वर्षं काढून परत आले. सोलापूर-हैदराबाद सडकेवर ट्रक थांबतात, तिथून थोडं आत, पत्र्याच्या छपराखाली त्यांचं दुकान होतं. मी त्यांना चाचा म्हणत असे. गेल्या वर्षी ते गेले, म्हणून आता हे लिहायला हरकत नाही. ते असते तर मी लिहिलं नसतं, आणि का लिहिलं नसतं ते पुढं कळेलच.

उस्तादांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. दारं राहत. माझ्या चुलतभावासाठी अणदूरला मुलगी बघायला वडील त्यांना सोबत घेऊन गेले. परत आल्यावर घरातल्या बायका त्यांच्याभोवती जमल्या आणि मुलगी कशी आहे विचारू लागल्या. उस्तादांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, की ती बसली होती ती खुर्ची अस्सल सागवानी आहे, वर लाखेचं पॉलिश आहे, पण मागचे दोन पाय नंतर बदललेत आणि ते त्या लोकांनी लपवलंय. मुलगी गोरी की सावळी, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. लग्न जमलं, नवी वहिनी घरी आली, आणि तिनं पहिल्याच आठवड्यात हळूच कबूल केलं की खुर्चीचे पाय खरंच बदललेले होते.

पावसाळ्याचे चार महिने ते पॉलिशच्या कामाला हात लावत नसत. दमट हवेत लाख पांढरी पडते, म्हणून. तेवढ्या दिवसांत कुणी नुसतं कपाटाचं नाव काढलं तरी ते आभाळाकडं बोट दाखवून गप्प बसत. दुसऱ्याच्या घरी चहा आला की कोटाच्या खिशातून नमद्याचा, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचा, एक गोल तुकडा काढत, तो टेबलावर ठेवत आणि त्यावर कपबशी ठेवत. गरम कप उघड्या लाकडावर ठेवणारा माणूस आणि झोपलेल्या माणसाला चटका देणारा माणूस यांत ते फरक करत नसत. एकदा तहसीलदारसाहेबांच्या कचेरीत त्यांनी साहेबांचा कप उचलून त्याखाली नमदा सरकवला होता. साहेब अर्जांवर सह्या करत होते, ते तसेच थांबले. उस्ताद म्हणाले, “तुमी करा सह्या. म्या टेबलाचं बघतो.”

चहाचा विषय निघालाच आहे तर सांगते, ते फार सभ्य गृहस्थ होते. आमच्या आईच्या हातून दूध हमखास करपे. वाचत वाचत दूध तापवायची तिला सवय होती. तो चहा आम्ही नाक मुरडत प्यायचो, वडील तर एका घोटात संपवून मोकळे होत. उस्ताद मात्र सावकाश, चवीनं पीत आणि कप ठेवताना म्हणत, “भाभी, एक नंबर.” आई भारावून जाई. शिवाय म्हातारपण जवळ आलं तसा त्यांना अत्तराचा शौक लागला होता. शुक्रवारी ते आमच्या गल्लीत शिरले की आधी अत्तर येई आणि मग ते येत. वडील थट्टा करत, “उस्ताद, दुसरं लग्न ठरलंय का?” उस्ताद हसून विषय बदलत. मी हे सगळं खिडकीतून बघत असे. बघणं हा माझा एकुलता एक उद्योग होता.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. हैदराबादच्या मिशनच्या शाळेत राहून शिकलेली, इंग्रजीत स्वप्नं पडणारी आणि कुठल्याच भाषेत पाहुण्यांशी न बोलणारी. घरात माझ्याबद्दल दोन मतं होती. आईच्या मते मी लाजाळू होते आणि आत्याच्या मते शिष्ट. खरी गोष्ट अशी, की बोलायचं वाक्य मनात नीट जुळवेपर्यंत समोरचा माणूस उठून गेलेला असे.

अशात दादानं विजेची गिटार आणली. दादा हैदराबादला कारकून होता. तिथं बँडमध्ये वाजवणाऱ्या कुणा माणसाकडून त्यानं ती जुनी गिटार स्वस्तात घेतली, पण खोलीमालक आवाजाला कंटाळला, म्हणून दादानं ती आमच्याकडं आणून ठेवली. दिवाळीला येईन आणि घेऊन जाईन, नवी खोली बघतोय, म्हणाला. नळदुर्गात तेव्हा विजेचे खांब आले होते, तारा यायच्या होत्या. म्हणजे विजेच्या आधी विजेची गिटार आली. ती मधोमध पिवळी होती, कडेला तांबूस होत होत अगदी काठाला काळी. मला रंगाचं इंग्रजी नाव माहीत होतं, सनबर्स्ट. आईनं तिला कडेला करपलेलं धिरडं म्हटलं. इंग्रजी नाव जास्त सुंदर होतं, पण गिटार धिरड्यासारखीच दिसत होती.

दादानं मला बजावून सांगितलं होतं, की हिला जपायचं. ती त्यानं महिनाभराचा पगार घालून घेतलेली पहिली मौजेची वस्तू होती. मी तिला वडिलांच्या जुन्या शालीत गुंडाळून माळ्यावर ठेवली. मग नवरात्रात एकदा नुसती बघायला म्हणून काढली, मांडीवर आडवी घेतली. सपाट, छान रुंद होती. तिच्यावर वही ठेवून मी हॉस्टेलातल्या मैत्रिणीला पत्र लिहायला बसले. पत्रात मी असं लिहिलं होतं, की इथल्या लोकांना सुंदर वस्तूंची कदर नाही. ते वाक्य लिहिताना मी कॉफीचा गरम पेला वहीशेजारी, गिटारवर ठेवला. पत्र दोन पानांचं झालं. पेला उचलला तेव्हा खाली पांढरं शुभ्र कडं उमटलेलं होतं.

मी ते पुसलं. तेल लावलं. फुंकर घातली. इंग्रजीत एक प्रार्थना म्हटली. कडं तसंच राहिलं. दिवाळीला वीस दिवस उरले होते. आठवडाभर मी जेवताना मान वर केली नाही. ती मी एरवीही करत नसल्यानं कुणाला संशय आला नाही. शेवटी आईनंच गिटार बघितली आणि उस्तादांना बोलावलं.

उस्तादांनी गिटार दोन्ही हातांवर घेतली, बाळ घेतात तशी. पाठीवर टकटक केलं, पुन्हा केलं. मग मला विचारलं, “ह्याला पोट न्हाय?” मी सांगितलं, की नाही, ती भरीव असते, आवाज विजेतून येतो. त्यांनी गिटारकडं करुणेनं पाहिलं. मग त्यांचं लक्ष कड्याकडं गेलं आणि त्यांचा चेहरा बदलला. हे कशानं झालं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ओल लागली असेल.

“ओल गोल असती का, बेटी?”

मग त्यांनी आईला घरातले सगळे कप आणि पेले आणायला सांगितले. आई ताट भरून घेऊन आली. उस्ताद एकेक पेला त्या कड्यावर न टेकवता, हवेत धरून, डोळा बारीक करून बघू लागले. वडिलांचा कप मोठा पडला. आईची वाटी लहान पडली. माझा स्टीलचा पेला कड्यावर अगदी बरोबर बसला. घरात कॉफी पिणारी मी एकटीच होते. उस्तादांनी खिशातला नमदा काढला, तो माझ्या पेल्याखाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, “आता ह्येचं लाकूड काय, ते सोड. ह्येच्या अंगावर काय हाय, ते कळाय पायजे.”

कारण सगळं त्यावरच होतं. लाखेचं पॉलिश असेल तर त्याला स्पिरिट चालतं. मोटारींवर मारतात तसलं लॅकर असेल तर थिनर लागतं. आणि चुकीचं लावलं तर डाग राहतो बाजूला, वरचा सगळा थर सुरकुतून हातात येतो. मी धीर करून म्हटलं, की दादानं सनबर्स्ट फिनिश सांगितलंय. त्यांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, सूर्य फुटल्यासारखं. ते म्हणाले, “सूर्य फुटला तर फुटू दे. कशात कालवून फुटला, ते सांग.”

हे ओळखायचा एक सोपा उपाय असतो. कुठं तरी दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा थेंब टाकायचा आणि थर विरघळतो का ते बघायचं. कुणीही करील. पण उस्तादांना त्याचा तिटकारा होता. थेंब टाकून बघणं म्हणजे माणूस जिवंत आहे का हे चिमटा काढून बघणं, असं ते म्हणत. ज्याला नाक आहे त्यानं कापडानं लाकूड घासावं, तापवावं आणि हुंगावं. लाखेला लाखेचा वास येतो, व्हार्निशला अळशीच्या तेलाचा, लॅकरला कापरासारखा. त्यांनी रुमालानं गिटारची पाठ खसाखसा घासली. मी वाट बघत होते की आता ते हुंगतील. ते हुंगले नाहीत. गिटार त्यांनी माझ्यापुढं धरली. “तू इंग्रजी शाळेची. बघू तुझं नाक किती शिकलंय.”

मी नाक लावलं. म्हटलं, लाकडाचा वास येतोय. ते म्हणाले, लाकूड तर मलाही दिसतंय, डोळे मिटून सांग. मी डोळे मिटले, आणि मला स्पष्ट वास आला. कापूर. मी तसं सांगितलं. उस्ताद म्हणाले, “पक्कं?” मी म्हटलं, पक्कं. मग त्यांनी वडिलांकडं वळून जाहीर केलं, की हे मोटारीचं लॅकर आहे, थिनर लागणार, आणि तुमची मुलगी हुशार आहे. गिटार घेऊन ते गेले. थिनर ते सडकेवरच्या ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकडून आणणार होते.

मी त्या दिवशी हवेत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझी कुणी तोंडी परीक्षा घेतली होती आणि मी पास झाले होते. रात्री मी मैत्रिणीला दुसरं पत्र लिहिलं, की इथं एक वृद्ध कलावंत आहेत आणि त्यांनी मला शिष्य केलं आहे. पेला यावेळी जमिनीवर ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांना कामासाठी तुळजापूरला जायचं होतं. हवा गार झाली होती, म्हणून आईनं मला शाल काढायला सांगितली. गिटार जिच्यात गुंडाळली होती, तीच शाल. मी ती झटकली आणि कापराच्या वासानं मला शिंक आली. आमची आई पत्र्याच्या पेटीत लोकरीच्या कपड्यांत कापराच्या वड्या टाकून ठेवते. डांबराच्या गोळ्या तिला आवडत नाहीत, त्यांना दवाखान्याचा वास येतो म्हणते. पावसाळाभर ती शाल कापरात पडून होती, मग महिनाभर गिटार त्या शालीत. मी गिटार हुंगलीच नव्हती. मी आईची पेटी हुंगली होती.

मी शाल तिथंच टाकली आणि धावत सुटले. गावात मी मान खाली घालून, भिंतीच्या कडेनं चालणारी मुलगी म्हणून प्रसिद्ध होते. त्या दिवशी मी मधल्या रस्त्यानं पळाले. चहाच्या टपरीवरच्या ड्रायव्हरांनी कप खाली ठेवून बघितलं. आमच्या आत्यानंही बघितलं, आणि त्याबद्दल ती पुढं वर्षभर बोलली.

उस्तादांच्या दुकानाच्या बरंच अलीकडं मला घाण वास आला. जवळ गेले तसा तो सोसेना. दुकानात कोपऱ्यातल्या शेगडीवर सरसाचं भांडं होतं. सरस म्हणजे सुतारकामाचा चिकट डिंक, जनावरांच्या कातड्या-हाडांचा करतात. भांड्यातलं पाणी आटून तो करपला होता, काळा धूर निघत होता. आणि शेगडीकडं पाठ करून, हातभर अंतरावर, उस्ताद काहीतरी गुणगुणत बसले होते. गिटार त्यांच्या मांडीवर होती. हातात थिनरचा बोळा होता आणि तो कड्याकडं चालला होता.

“चाचा, थांबा.” माझा आवाज एवढा मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं.

हात थांबला. मी धापा टाकत सगळं सांगितलं. शाल, पेटी, कापूर. माझं चुकलं म्हटलं. आणि मग अपमान लपवायला माणूस जसा उलटतो तशी उलटून म्हणाले, की मी शिकाऊ आहे, पण तुम्ही तरी एकदा हुंगायचं होतं. ते बोलता बोलता माझी नजर भांड्यावर गेली. वाक्य अर्ध्यावर राहिलं. मी पदरानं भांडं धरून खाली उतरवलं.

उस्तादांनी वळून बघितलं. भांड्याकडं, धुराकडं, मी नाकाला लावलेल्या पदराकडं. बोळा त्यांनी बाजूला ठेवला.

“लई वास येत असंल, न्हाय?”

मी मान हलवली.

“कसा?”

मी म्हटलं, मेलेल्या म्हशीला कुणी पेटवलंय असा. ते समाधानानं हसले. “व्हय. सरस जळला की तसाच येतो.” मग गिटारच्या तारांकडं बघत त्यांनी सांगितलं, की तीन वर्षांपूर्वी मोठा ताप आला होता, त्यात वास गेला तो गेलाच. घरात कुणाला माहीत नाही. तोवर डोळ्यांवर आणि हातांवर भागत होतं, आणि अडलंच तर कुणाचं तरी नाक परीक्षा घेतल्याच्या बहाण्यानं वापरून घेत होते. “पॉलिशवाल्याचं नाक गेलं कळलं, तर लोक लाकूड हातात देतील, पण माझं म्हननं ऐकनार न्हाईत,” ते म्हणाले. “तुझ्या वडलांना बी नको सांगू. हसंल तो. आन मग हसायचं थांबंल, ते मला बघवनार न्हाय.”

म्हणजे मी शिष्य नव्हते. मी पास झाले नव्हते. मला उसनं घेतलं होतं. आणि मला आठवत गेलं, करपल्या दुधाचा चहा, शुक्रवारचं अत्तर. खिडकीत बसून सगळं बघणारी म्हणून मी स्वतःला फार मानत होते, आणि एवढी एक गोष्ट मला दिसली नव्हती. मी म्हटलं, की सांगणार नाही. ही मुलगी कुणाला काही सांगत नाही, हा माझ्यावर घरात कायमचा आरोप होता. तो गुण आहे असं मला त्या दिवशी प्रथम वाटलं.

मग उस्ताद उठले, दुकानाचं अर्धं दार लोटलं आणि आयुष्यभर ज्याला हसले ते करायला बसले. गिटारच्या बटणांखाली पत्र्याची एक पट्टी असते. तिचे दोन स्क्रू काढून त्यांनी ती बाजूला केली आणि खालच्या झाकलेल्या जागेवर कापसानं स्पिरिटचा एक थेंब टाकला. आम्ही दोघं बघत राहिलो. त्यांनी तिथं अंगठा दाबला आणि उचलला. थर चिकट झाला होता. अंगठ्याचा ठसा, रेषान् रेषा, त्यात उमटला होता. लाख. साधी, स्वस्त, रंग कालवलेली लाख. थिनरचा बोळा फिरला असता तर दादाचा सूर्य त्या बोळ्यावर आला असता.

“आपलीच निघाली,” उस्ताद म्हणाले. हैदराबादला शिकलेलं काम होतं ते. कापसाचा बोळा मऊ कापडात बांधून, त्यात लाख आणि स्पिरिट घेऊन, ते त्या कड्यावरून हात फिरवू लागले. कुठंही न थांबता, कारण थांबलं की बोळा चिकटतो. कडं आधी दुधी झालं, मग धूसर, मग शोधावं लागलं. चार दिवस ते रोज थोडं थोडं करत होते. पट्टी परत बसवताना मी विचारलं, की ठसा पुसायचा नाही का. ते म्हणाले, राहू दे, वाजवनाऱ्याला काय कळतंय.

दिवाळीला दादा आला. गिटार उजेडात धरून म्हणाला, हिची चमक वाढलीय का गं? मी म्हटलं, जपली ना. एवढं धडधडीत बोलताना माझी मान वर होती.

त्यानंतर आमची एक रीत पडली. कुणाच्या घरचं कपाट, कुणाची हार्मोनियम ओळखायला बोलावणं आलं, की उस्ताद आमच्या दारात येऊन वडिलांना म्हणत, “बेटीला पाठवा, शिकती हाय.” वडील खूश होत, पोरगी माणसांत जाते म्हणून. तिथं उस्ताद लाकूड घासत. मी हुंगून त्यांच्या कानाशी एक शब्द बोलत असे, आणि ते तो छाती काढून सगळ्यांना ऐकवत. त्यांना नाक नव्हतं आणि मला आवाज नव्हता. दोघांत मिळून एक पुरा माणूस व्हायचा, आणि त्याचा निकाल चार वर्षांत एकदाही चुकला नाही. शाल, पेटी आणि आईचा कापूर यांची चौकशी मी आधीच करून ठेवत असे.

मग माझं लग्न ठरलं, पुण्याला. लग्नाच्या दिवशी उस्ताद नवी शेरवानी घालून आले. निघायच्या वेळी गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी पोचले आणि खिशातला नमद्याचा तुकडा माझ्या हातात दिला. कडा झिजलेल्या, मध्ये कपाची गोल खूण. म्हणाले, तिकडच्या लोकांची टेबलं असतील, वापर. मग जरा घुटमळले. इकडंतिकडं बघून त्यांनी मनगट माझ्यापुढं धरलं, लाकूड धरत तसं, आणि आवाज खाली करून विचारलं, “आज जरा जास्तीच मोठ्या लोकांत आलोय. अत्तर बराबर लागलंय का, बघ.”

ते आल्यापासून मांडवातले लोक मागं वळून बघत होते. माझ्या शेजारची पाहुणी रुमाल नाकाला लावून बसली होती. अख्खी कुपी त्यांनी अंगावर रिकामी केली असावी. मी डोळे मिटले आणि मनगट हुंगलं. अत्तराच्या खाली, खूप खाली, लाखेचा आणि स्पिरिटचा वास अजून होता.

“बरोबर लागलंय, चाचा,” मी म्हटलं. “अगदी थोडं.”

“पक्कं?”

“पक्कं.”

ते ताठ झाले आणि मांडवात, पाहुण्यांच्या मधोमध जाऊन बसले. माझ्या नाकानं जाणूनबुजून दिलेला तो एकच खोटा निकाल.